यादी भाग एकशे चौदा

सोडतीच्या दिवशी शाळेतल्या एका पोरीनं
बरणीत हात घालून चिठ्ठी काढली
आणि आमचा प्रभाग बाईचा झाला.
संध्याकाळी तालमीत बैठक. विषय: उमेदवार.

तालमीत बायका जात नाहीत.
असं कुठं लिहिलेलं नाही.
माझे मालक इथं सतरा वर्षं घुमले,
मी बदाम वाटून थंडाईचा तांब्या आणायची,
तांब्या आत जायचा, मी उंबऱ्याबाहेर.
आतली माती मला त्यांच्या लंगोटातून माहीत,
दगडावर आपटला की तांबडं पाणी निघायचं.

आज मी समोर उभी आहे,
रुक्साना बागवानच्या केळीच्या गाड्याशेजारी.
आतलं सगळं ऐकू येतं.
"उदयची मंडळी?" "माहेर पलीकडल्या गटाचं."
"सर्जेरावची आई?" "म्हातारीला ऐकू येत न्हाई."
"मग तर लईच बरं की!"
आणि हसू, पाठ टेकल्यासारखं, धप्पकन.

रुक्साना म्हणाली, शालनताई, तुमचं नाव निघालं?
मी विचारलं, केळी कशी डझन?

वीस वर्षं मी महिला आघाडीची उपाध्यक्ष.
अध्यक्ष पाच झाल्या,
एक साहेबांची मेहुणी, एक साहेबांच्या मेहुण्याची मेहुणी,
बाकीच्यांची नाती मला नीट लावता आली नाहीत.
मी सतरंज्या मोजल्या, हार मोजले,
स्टेजवर खुर्ची कमी पडली की कुणी उठायचं
हे मला कधी सांगावं लागलं नाही.
दोनदा पक्ष फुटला. दोन्ही वेळा
मला निरोप आला तो साडीच्या रंगाचा.

पण यादी माझी.
भाग एकशे चौदा, मतदार एक हजार सत्तावीस,
प्रत्येकापुढं शिसपेन्सिलीची खूण.
टिंब म्हणजे पुण्याला कामाला, यायला एसटीचं भाडं लागतं.
फुली म्हणजे वारलेला. त्यातल्या दोघांनी मागच्या वेळी मत दिलं.
गोल म्हणजे नळ आहे, पाणी नाही.
चंद्रकोर म्हणजे
नवऱ्याला एक सांगते, बटण दुसरं दाबते.
चंद्रकोरी तीनशे सहा.
हा आकडा मी रुक्सानालाही सांगितलेला नाही.
तिच्याही नावापुढं एक आहे.

आठच्या सुमाराला एक पोरगं बाहेर आलं.
"काकू, वस्ताद म्हणत्यात यादी द्या."
दिली.
आत थोडा वेळ पानं फडफडली.
पोरगं परत. "काकू, ह्यो गोल कशाचा? आन् ही कोर?"
मी म्हटलं, ती वाचायला मी लागते.
पोरगं तिथंच अडकलं,
एक पाय मातीत, एक रस्त्यावर.

मग ते बाहेर आले.
आधी वस्ताद, गुडघा धरून,
मागून उदय, सर्जेराव,
आणि माजी नगरसेवक, ज्यांना फूटपाथवर बसायचं
म्हणजे आधी रुमाल अंथरावा लागला.
रुक्सानानं गाड्यावरचा बल्ब माझ्याकडं वळवला.
मी वाचायला लागले. घर पहिलं, घर दुसरं.
कोण कुणावर रुसलंय, कुणाची गटार तुंबलीय,
कुणाच्या दारात आपल्यातलं कुणी जाऊ नये.
"आन् ही कोर, वैनी?"
चतुर्थीचा उपास धरणाऱ्या, मी म्हटलं.
"लई बायका उपास धरत्यात की," वस्ताद म्हणाले.
हो, मी म्हटलं, पेठेत फार.

क्रमांक सहाशे बारा.
कवाळे शालन दिनकर. वय छप्पन्न. स्त्री.
वस्तादांनी बोट ठेवलं. "ह्या नावाफुडं खूण न्हाई."
राहिलीय, मी म्हटलं.

एक टेम्पो गेला. कुणीतरी खाकरलं.
वस्तादांनी सदऱ्याचे खिसे चाचपले,
उदयनं त्याचे, सर्जेरावानं त्याचे.
फोन निघाले, तंबाखूची पुडी निघाली,
लिहायला काही नाही.

पेन्सिल माझ्या अंबाड्यात होती.
मी त्यांना शोधू दिलं.