कोरडे केस

चिठ्ठीवर मी दोनदा रेघ ओढते:
आदल्या दिवशी केस धुवा. तेल नको.
तरी दहातले चारजण
चपचपीत डोक्यानं येतात लातूरला.
मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून
घरच्यांनी चोपून, भांग पाडून धाडलेले.
मी रागवत नाही.
नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं
त्या गल्लीसाठी “केस धुवून या”
हे लिहायला फार सोपं आहे.
कोपऱ्यात बादली भरलेली असते,
खिडकीत शाम्पूच्या रुपयावाल्या पुड्या.

दैवशाला निलंग्याकडून आली, पहिल्या एस.टी.नं.
केस धुतलेले. डोळे तांबडे.
तेही चिठ्ठीतच होतं: रात्री कमी झोपा,
सकाळी चहा नको, पण उपाशी येऊ नका,
आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.
“जागी कशी राहिलीस?”
“शेंगा फोडल्या. पायलीभर.”
नखांत अजून टरफलांची माती.

सासू पद्मीनबाई दारातच:
“शॉक देतेत का वो? त्यानं अंगातलं निघंल का?”
नाही मावशी.
हे यंत्र काही देत नाही, नुसतं ऐकतं.
भिंतीला कान लावला तर
शेजारचं बोलणं कळत नाही,
पण आत कुणी जागं आहे
एवढं कळतं ना, तेवढंच.

टेपनं डोकं मोजलं,
नाकाच्या मुळापासून मानेच्या उंचवट्यापर्यंत,
ब्लाऊजचं माप घेतात तसं.
लाल पेन्सिलीच्या खुणा, त्यावर थंडगार पेस्ट,
एकवीस वायरी.
केस कापत नाहीत, हेही सांगून टाकलं,
कारण तिचा हात सारखा वेणीकडं जात होता.
सासू बाहेर बसल्यावर ती हळूच म्हणाली,
“ताई, मनातलं दिसतंय का ह्याच्यात?”
मी पडदा तिच्याकडं वळवला.
पापणी मिट. बघ, रेघ उडाली.
दात दाबून धर. बघ, सगळं काळंकुट्ट.
मनातलं तुझं तुझ्यापाशी.
ती पहिल्यांदा पाठ टेकून पडली.

मग तीन मिनिटं मोठे श्वास,
ओली चूल फुंकल्यावानी.
बोटांना मुंग्या येतील, येऊ दे.
मग लखलखणारा दिवा, डोळ्यांवर, थांबून थांबून.
मी इथंच आहे. फिट आली तरी इथंच आहे.
आली नाही.
डोळ्याजवळच्या दोन वायरी मात्र थरथरल्या
आणि गालावरून पाणी कानाकडं गेलं.
रडण्याला आमच्या भाषेत व्यत्यय म्हणतात.
मी तशीच नोंद केली.

नंतर ती झोपली.
भर दिवसा, तोंड उघडं टाकून,
सुनेला जशी झोपायची सोय नसते तशी.
तपासणी संपली. यंत्र बंद केलं.
दहा मिनिटं मी दार लावूनच ठेवलं.

दुपारी डॉक्टरांनी लिहिलं: नॉर्मल.
“म्हंजे सोंगच करायली म्हणा की,”
पद्मीनबाई बाकावरून उठल्या.
रिपोर्ट समजावणं माझं काम नाही,
पण माझी जीभही काही सरकारी नाही.
मावशी, फुटाणेवाला गल्लीतनं गेला
तवा तुम्ही घरी नव्हता.
म्हणून तो आलाच नाही का?
आम्ही अर्धा तास कान लावला,
त्या अर्ध्या तासात कुणी आलं नाही.
कागद एवढंच म्हणतो.
बाकीचं डॉक्टर विचारतील:
कधी पडते, किती वेळ, दात लागतात का,
शुद्धीवर आल्यावर कुणाला ओळखते.
ते ह्या वायरींना ठाऊक नाही.
ते तुम्ही बघितलंय.

पद्मीनबाई गप्प. पटलं का, कोण जाणे.

पेस्ट वाळून केसांचे गठ्ठे झाले होते.
गरम पाण्यानं निघेल, मी म्हटलं.
“पाणी शुक्रवारी,” दैवशाला म्हणाली.
आज सोमवार.
मी बादली पुढं ओढली. ती वाकली.
तांब्या कुणी उचलला ते मी बघितलं नाही,
पुढचा पेशंट आत आला होता.
बांगड्यांच्या आवाजावरून वाटलं, सासूच असावी.

अर्धी बादली उरली होती.
त्याच्या डोक्याला तेल होतं.