आठ थेंब

ओस्मुन दर महिन्याला तळ्याचं पाणी पाठवायचा,
टपालाच्या बसने, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटलीतून.
बाटलीवर गुनव्होरच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच:
"रानफळांचं सरबत, साखर कमी."

मी आधी मीटरला शिकवायचे.
हा लाल बफर, हा चार.
हा पिवळा, हा सात.
रात्रीतून विसरतो तो, रोज सकाळी पुन्हा पहिलीचा वर्ग.
मग काचेची दांडी ओस्मुनच्या पाण्यात:
सहा पॉइंट सहा.
पुढच्या वर्षी सहा पॉइंट पाच.
त्याच्या पुढच्या वर्षीही पाचच.
ऑस्लोहून आलेल्या तक्त्यात एवढाच एक रकाना होता,
शेजारी शेरा. मी लिहायचे: बदल नाही.

ब्युरेट निराळं सांगत होती.
शंभर मिली पाणी, दर्शकाचे तीन थेंब, निळंशार.
वरून आम्ल सोडायचं, थेंबाथेंबाने,
आणि मोजत बसायचं
की हे तळं चेहरा न बदलता
अजून किती गिळू शकतं.
पहिल्या वर्षी तीन मिली.
मग दोन.
मग पाऊण.
त्याला रकाना नव्हता, म्हणून मी पेन्सिलीने समासात लिहिलं.

आमच्याकडे खाली सगळा ग्रॅनाइट.
चुनखडी असती तर तिने थोडं झिजून सांभाळून घेतलं असतं,
ग्रॅनाइट कुणासाठी झिजत नाही.
समुद्रापलीकडच्या धुराड्यांचं हिवाळाभर साठलेलं आंबट
बर्फात निमूट पडून राहतं
आणि एप्रिलमध्ये एका आठवड्यात उतरतं.

गुनव्होर गेली त्या वर्षी मी फोनवर विचारलं, कसं आहे?
"चाललंय."
जाळ्यात फक्त म्हातारे ट्राउट येतात, पिल्लं नाहीत?
"चाललंय."
मीही तेवढंच टिपून घेतलं.

मग ती एप्रिलची बाटली.
दर्शक टाकला, निळं झालंच नाही.
तोटी बंद होती. मी दोनदा पाहिली.
पाणी आल्या आल्याच पिवळं,
आणि मीटर, सकाळीच धडा गिरवलेला,
चार पॉइंट आठ म्हणाला.

त्या उन्हाळ्यात तळं इतकं नितळ झालं
की नऊ मीटर खाली कुणाचं तरी हरवलेलं वल्हं दिसायचं.
ढवळायला आत कुणी उरलं नव्हतं.
हॅम्बुर्गची एक बाई तंबू ठोकून राहिली होती,
ती म्हणाली, "इतकं स्वच्छ पाणी मी जन्मात पाहिलं नाही.
किती जपलंय तुम्ही!"
ओस्मुनने तिला कॉफी दिली, दुसरा कप विचारला,
ती गेल्यावर कुऱ्हाड काढली
आणि होडी फोडली. वल्ह्यांसकट.

त्याची बहीण रांगफ्रिड मला म्हणाली,
"एवढ्याशा शब्दावरून?"
मी काय सांगणार.
शेवटचा थेंब पहिल्याएवढाच असतो,
त्याच नळीतला.

तीन वर्षांनी चुना आला, भुकटीच्या चाळीस गोण्या.
होडी शेजारच्या गावाहून मागून आणली.
ओस्मुन पुढे बसला, फावडं घेऊन, काही न बोलता,
आणि दुपारपर्यंत त्याच्या भुवया, टोपी,
कानांतले केससुद्धा पांढरे.
पाणी दूध फाटल्यासारखं दिसत होतं.
मला वाटलं, उगाच आहे हे सगळं.

सप्टेंबरात बाटली आली.
निळं.
मी तोटी हळूच फिरवली. निळं. अजून निळं.
मग हिरवट, मग गेलं.
झिरो पॉइंट चार मिली.
तक्त्यात एव्हाना दुसरा रकाना आला होता,
पण मी आधी फोन लावला.

"म्हणजे किती?"
आठ थेंब, मी म्हणाले.
तो बराच वेळ गप्प.
मागे कुठेतरी त्याचा रेडिओ हवामान सांगत होता.
"आठ," तो म्हणाला.
आणि मग:
"बाटली परत पाठव हं.
मागच्या वेळी झाकण राहिलं तुझ्याकडे."