टियार्डचा डावा बूट

डोलार्डच्या खाडीतून उपसलेला गाळ
पहिल्या हिवाळ्यात नुसतं पातळ पिठलं होता.
टियार्डनं त्यात खुणेची काठी रोवली, वळला.
पाय आला, बूट राहिला.
नवे होते, खेस्के म्हणाली, आणि दोन दिवस बोलली नाही.

मग दर सोमवारी तो काठी वाचायचा.
वर्षभरात गाळ वीतभर बसला,
वरचं पाणी निवळलं, त्यात ढग दिसायला लागले.
दुसऱ्या वर्षी चार बोटं. भेगा पडल्या,
भेगांत लालसर खारी रोपं, न बोलावता.
आतलं पाणी मात्र
निघतो निघतो म्हणत उंबऱ्याशी
गप्पा मारत थांबलेल्या पाहुण्यासारखं.
"हाकलून जात नाही ते," टियार्ड म्हणायचा.
"वर भार ठेवायचा आणि घरी जायचं."

यंदा नखभर.
यंत्र आलं, चिकणमातीच्या वड्या पाडल्या,
समुद्राकडच्या बांधावर नेऊन चोपल्या.
बूट कुणाला दिसला नाही.

वादळाच्या रात्री खेस्के विचारते, धरेल ना?
तो कूस बदलतो.
"चव्वेचाळीस नंबर आहे आत."

उजवा अजून दाराशी.
ती त्यात छत्र्या ठेवते.