शेवटचा बदल

पॅर्नूच्या बंदर-कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
उर्वे किविसिल्ड अकरा वर्षं एकच काम करत आली:
तिकीट "नवीन"मधून "तपासणी"त सरकलं
की हातानं चार रकाने भरायचे.
जबाबदार कोण. तातडी किती. मुदत कधी.
आणि चौथा, "कारण",
ज्यात ती मनाला येईल ते लिहायची:
"दार कण्हतं, पण पश्चिमेचा वारा असला तरच."
"काल्युला विचारा, त्याच्या वडिलांनी बसवलंय हे."
"घाई नाही. पण विसरू नका."

मी तार्तूहून आलो ते तिचा वेळ वाचवायला.
निविदेत तसंच होतं: दिवसाला सत्तर मिनिटं.
दुपारभर तिच्या शेजारी बसून
तिच्या डोक्यातले जर-तर उतरवून घेतले.
जर धक्का बेटावरचा, तर जबाबदार यान्नो.
जर दिवा, तर तातडी एक पायरी वर.
जर तातडी वर, तर मुदत एक दिवस अलीकडे.
जर मुदत अलीकडे, तर
"पुरे आता," ती म्हणाली, "कॉफी गार होतेय."
तो शेवटचा तर
मी तिला न विचारताच लिहिला.

डिसेंबरात तिथे साडेतीनलाच अंधारतं.
किह्नू बेटाच्या धक्क्यावरचा दिवा गेला.
कुणीतरी तिकीट टाकलं: "दिवा गेला." बस, एवढंच.
आणि माझे नियम कामाला लागले.

तातडी वर, म्हणून मुदत अलीकडे,
मुदत अलीकडे, म्हणून तातडी वर,
वर जागा उरली नाही तरी वर,
ये रे माझ्या मागल्या,
मुदत उद्यावरून आजवर, आजवरून कालवर,
कालवरून गेल्या उन्हाळ्यात, गेल्या शतकात.
उजाडेपर्यंत त्या दिव्याची दुरुस्ती
माझ्या जन्माच्याही आधीपासून थकली होती.

बारा हजार एकशे अकरा बदल.
कागदी घोडे म्हणावं, तर कागदही नव्हता.
दर बदलामागे एक ईमेल, यान्नोला.
यान्नो झोपला होता.
बरं केलं त्यानं.

आणि दिवा?
दिव्याकडे कोणी गेलंच नव्हतं.

उर्वे आली. मफलर न सोडता
पडदा वरखाली करून पाहिला.
मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
फोन उचलून तिनं लावला तो लीदाला,
जिचं नाव जबाबदारांच्या यादीत नाही,
कारण लीदा आमची नोकर नाही.
धक्क्याजवळ राहते, इतकंच.

लीदानं शिडी साइडकारमध्ये आडवी टाकली,
पट्ट्यापट्ट्यांचा लाल घागरा गुडघ्याखाली दाबला,
लोकरी मोज्यात गुंडाळलेला बल्ब खिशात,
आणि बर्फावरून मोटारसायकल नेली.
हे सगळं मला उर्वेनं सांगितलं, नंतर.
तेव्हा मी फक्त फोन धरून बसलेली उर्वे पाहिली,
आणि पलीकडून वाऱ्याच्या आवाजात
एक "हं" ऐकला.
दिवा लागला होता.

मी तिकीट बंद केलं.
"शेवटचा बदल कोणी केला" या रकान्यात
यंत्रणेनं आपणहून लिहिलं: स्वयंचलित.
मी खोडायला गेलो.
तो रकाना खोडता येत नाही.
तशी सोय मीच केली होती,
पुढे वाद नकोत म्हणून.

उर्वेनं माझ्या हातून माउस घेतला.
"कारण"मध्ये माझ्या नियमानं भरलं होतं: लागू नाही.
ते पुसून, दोन बोटांनी, सावकाश, तिनं लिहिलं:
"लीदाला एक बल्ब देणं लागतो.
तिच्या गोठ्यातला काढून लावलाय.
गाय अंधारात आहे."

मग मफलर सोडला, दोन कप मांडले,
खुर्ची माझ्याकडे वळवली.
"हं. त्या दिवशी कुठवर आलो होतो आपण?
जर मुदत अलीकडे,
तर?"