ओ

मेटेमा, सुदानच्या हद्दीजवळ. नोव्हेंबर.
तीळ कापून झालेत, मजूर खाटांवर उरलेत.
सकाळी आल्मनेश सिस्टर यादी वाचते.
ज्याचं नाव, तो म्हणतो "अबेत":
हाकेला आमच्याकडे अशी ओ देतात.
यिरसाव देत नाही.

त्याच्या पोटावर निळ्या पेनाची रेघ,
प्लीहा बरगडीखाली नऊ बोटं.
बाभळीखाली झोपायचा, भेगाळल्या काळ्या जमिनीवर.
भेगेतून माशी आली, गुणगुण न करणारी.

मी काचपट्टीवर जांभळा रंग ओतते,
भिंगाला डोळा लावते.
गिळायलाच जन्मलेली पेशी. तिनं गिळलं.
आणि गिळलेलं आतच संसार थाटून बसलं,
खसखशीच्याही खसखशीएवढे ठिपके.
राखणदाराच्या पोटात चोराचं बिऱ्हाड.

तिला उठवायची एक हाक असते, इंटरफेरॉन गॅमा.
ऐकली की ती आत चूल पेटवते,
पाहुण्याला धुरात कोंडते.
मला वाटायचं, ह्या पोराच्या रक्तात हाकच नसेल.
गोंडरला नमुना पाठवला.
उत्तर आलं: आहे. भरपूर आहे.
रक्त हाकांनी नुसतं दुमदुमतंय.
ओ नाही कुणाची.

कुणीतरी पेशीच्या कानाशी पुटपुटतं,
नीज, उगाच घर पेटेल.
तोही परका नाही, शरीराचाच.

पलीकडे क्षयाचा गेताहुन खोकतो.
त्याच्यात दुसरीच हाक उठलीय,
विषाणू आला की द्यायची ती,
विषाणू नसताना.
धावणारे धावतात, चुकीच्या दाराकडे.
इंटरफेरॉनच तीही.
आडनाव एक म्हणून गुण एक नसतात.

सतरा दिवस, रोज दोन सुया.
देबार्कहून यिरसावच्या आईचा फोन येतो.
तो पडद्याकडे बघत राहतो, वाजून वाजून थांबेपर्यंत.
हंगामाचे पैसे औषधापूर्वीच संपले, बोलणार काय?
तिकडे तिचा जीव तीळतीळ तुटत असणार.
मग बॅटरीच मेली.

अकराव्या दिवशी रेघ तीन बोटं मागे.
जुनी पुसायची नाही, असा नियम.
पोटावर ओहोटीच्या खुणा.
औषधानं मारलं, की पेशीला ऐकू आलं?
भिंगातून तेवढं दिसत नाही.
मी वहीत आकडा लिहिते.

आज यादीत नाव आलं: यिरसाव!
घोगरा, उशिरा,
"अबेत."
आणि जरा थांबून,
"चार्जर आहे का कुणाकडे?"