एक्केचाळिसावा खेळ

तीनशे बारा.
मोजले मी, नोव्हेंबरातल्या एका रविवारी,
दुपारी तीनला बाहेर काळोख पडल्यावर.
तीनशे बारा खेळ, पैसे मोजून घेतलेले
आणि एकदाही न उघडलेले.

केमीच्या बंदरात क्रेन चालवतो मी.
रात्रपाळीहून यावं तर सेल लागलेला,
पंचाहत्तर टक्के सूट,
आणि थंडीत हात जसा खिशात जातो
तसा जायचा बोटाचा दाब.
आगगाडी चालवायचा एक. ड्रॅगन पाळायचा एक.
एक तर नुसता मासे धरायचा,
आणि माझ्या खिडकीतून आखात दिसतं,
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट
जिन्यात तीन हिवाळे उभं आहे.

मग वही केली. नियम घातला:
नवा घ्यायचा नाही.
खरेदीच्या तारखेनुसार, एकामागून एक,
आवडो न आवडो, शेवटपर्यंत.

सोळावा निघाला त्या रात्रीचा,
पिर्क्को बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली तेव्हाचा.
तळघरातून सुटका करून घ्यायची.
घेतली. साडेचार तास लागले.
सव्विसाव्याची पावती पहाटे चार पन्नासची.
वडलांचं ऑपरेशन चालू होतं,
मी इस्पितळातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर,
दोन युरोत शेत घेतलं होतं फोनवर.
आता लावली त्यात गाजरं, रांगेनं.
वडील वाचले होते. तेव्हा.

डायरी कधी लिहिली नाही म्हणायचो मी.

फेब्रुवारीत चाळीस झाले
आणि एक्केचाळिसाव्यानं वाट अडवली.
खेळाडू दोन हवेत.
एकानं कळ दाबून धरायची,
तोवरच दुसऱ्याला दार उघडं.
मी दुसरा कंट्रोलर मांडीवर घेतला,
मग जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्यानं दाबून पाहिला.
गाळता आला असता.
नियम माझाच, मोडला तर विचारणार कोण?
तीच तर गोम होती.

खालच्या मजल्यावरच्या आउने बाई तक्रार घेऊन आल्या:
रात्रभर धप्प धप्प काय वाजतं?
म्हटलं, उडी.
त्यांनी बूट काढले.
म्हणाल्या, दाखव.

कंट्रोलर धरला त्यांनी
साळिंदराचं पिल्लू धरावं तसा.
पहिल्या संध्याकाळी एकाच खड्ड्यात तीस वेळा पडल्या
आणि तीसही वेळा
त्या छोट्या कोल्ह्याची माफी मागितली.

आता मंगळवारी येतात आणि गुरुवारी,
वेलदोड्याचा पाव घेऊन.
पुढे मात्र सरकत नाहीत.
अडतीस वर्षं टपाल वाटलेली बाई,
दिसलं दार की थांबते.
इथं कोण राहतं?
कुणी नाही, चित्र आहे ते.
दिवा आहे की खिडकीत.
चित्रातला दिवा आहे.
असू दे, लावला कुणीतरी असेल ना.
आणि कोल्हा दारावर डोकं आपटत राहतो,
मी पुलावर कळ दाबून उभा,
अंगठ्याला मुंग्या आलेल्या.

मे उजाडला. आखातातला बर्फ फुटला,
रात्री अकरालाही पडदा ओढल्याशिवाय
काही दिसत नाही टीव्हीवर.
वहीत रेघा चाळीसच.
काल त्यांनी विचारलं, हा संपला की मग?
बेचाळिसावा.
तो किती जणांचा?
मला ठाऊक होतं. तरी वही चाळली,
म्हटलं, बघायला हवं.

जा आता, त्या म्हणाल्या, दार उघडं आहे,
मी धरलंय घट्ट
आणि तेवढ्यात पावाच्या लोण्यानं बोट निसटलं.
दार धाडकन मिटलं, माझा कोल्हा आत, त्यांचा बाहेर.
अगं बाई, माफ कर हं,
म्हणाल्या, कोल्ह्याला की मला,
कळलं नाही.