डबल बेल

सांगली–जत, सकाळी सहा दहा.
अकरा वर्षं हाच रस्ता,
त्यातली शेवटची दोन
मी गावं नाही, आडोसे पाठ केले:
शिरढोणच्या पुढची बाभळ,
कवठेमहांकाळ स्टँडवरचा कडी नसलेला संडास,
नागज फाट्यावर हॉटेलवालीची मागची मोरी.
"दोन मिनिटं हां, मामा," असं ड्रायव्हरला सांगून
चाळीस जणांच्या डोळ्यांपुढून उतरायचं,
आणि परत चढताना
बॅगेतली चिल्लर उगाच मोजायची.

एकदा नाहीच पोचले.
खाकी ओली झाली की किती गडद दिसते
हे इतकी वर्षं धुताना कळलं नव्हतं.
मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं
आपली पाण्याची बाटली माझ्यावर सांडली
आणि मोठ्यानं म्हणाली,
"आगं बाई, हात थरथरतुय बग माजा!"
नाव विचारलं नाही मी.
तिकिटावर नाव नसतं.

एमएस, म्हणाले मिरजेचे डॉक्टर.
मेंदू, मणका, नसा, सगळं कागदावर काढून दाखवलं.
मला कळलं ते माझ्या गाडीतलं:
छताखालून गेलेली दोरी
मी मागे ओढते, पुढे घंटी वाजते.
एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं.
माझ्या आत कुणी ओढलेली नसताना वाजते,
आणि आतला तो ड्रायव्हर, मेला,
दर वेळी ब्रेक मारतो.

मंगळवारी अडीच वाजता तस्नीम शिकलगार
आतल्या घोट्याच्या चार बोटं वर
केसासारखी सुई टोचते, वायर जोडते.
"छत गळतंय," धनपाल म्हणाला,
"आणि तुम्ही उंबऱ्याला सिमेंट लावताय?"
ती हसली. "पायाची नस आणि लघवीची नस
पाठीत एकाच खोलीत बिऱ्हाड करतात, दादा.
एकीशी बोललं की दुसरी ऐकते.
सगळ्यांचीच ऐकते असं नाही."
मग बटण फिरवत गेली,
माझा अंगठा हलेपर्यंत.

तो अंगठा मी वर्षभर विसरले होते.
अर्धा तास तो मान डोलवत राहिला
आणि मी त्याच्याकडे
पाहुण्याकडे बघावं तशी बघत होते.

धनपाल हळदीच्या पेढीवर दिवाणजी.
त्यानं जुन्या रोजमेळात माझा हिशेब मांडला.
आवक: पाणी, सहा पेले.
जावक: चौदा.
पुढच्या आठवड्यात चौदा. मग तेरा. परत चौदा.
पाचव्या मंगळवारी मी म्हणाले, बास आता.
तो काही बोलला नाही, पुढचं पान आखत बसला.

नवव्या आठवड्यात पहाटे चारला जाग आली
ती भीतीनं.
चादरीवरून हात फिरवला.
परत फिरवला.
मग तशीच पडून राहिले,
मार्केट यार्डाकडे निघालेला पहिला ट्रक ऐकत.

बरी नाही झाले. काठी आहे,
चौकशीच्या खिडकीत बसते आता,
वहीत नऊ आहे, कधी दहा.

काल मात्र सहा दहाला प्रवासी म्हणून बसले.
शिरढोण सुटलं आणि आत घंटी वाजली.
बुटातला अंगठा दाबून धरला,
ओठांतल्या ओठांत स्टॉप मोजले.
बाभळ आली.
बाभळ गेली.

नागजला तरी उतरलेच.
हॉटेलवाली उठून मागचं दार उघडायला लागली.
"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले,
"चहा टाक. फुल्ल."
या रस्त्यावर दोन वर्षांत
मी काहीच प्याले नव्हते.